धवलारणीची माइल्ड

चौक गावात जुन्या हायवेला माझं बियरचं दुकान आहे. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला मिसळीची टपरी आणि मध्ये मी, मनोज. इतकी वर्षं काउंटरवर बसून मला एक गोष्ट कळली आहे. आमच्याकडे बियर घेणारा माणूस चव विचारत नाही, टक्के विचारतो, दहावीच्या निकालाच्या दिवशी विचारतात तसे. "जास्तीत जास्त कितीची हाय?" आठ म्हटलं की गडी खूश. साडेचार म्हटलं की तोंड असं करतो, जसं काही मी त्याच्या पोराला नापास केलंय.

साजगावच्या कारखान्यांतून सुटून येणाऱ्यांचं मी समजू शकतो. दिवसभर भट्टीसमोर भाजून निघालेल्या माणसाला घरी पोचायच्या आत सगळं विसरायचं असतं आणि कडक बाटली ते काम झटपट करते. पण पंख्याखाली खुर्ची उबवून आलेलाही "किक बसली पायजे" म्हणायला लागला की माझं डोकं फिरतं. अरे, तुला किक कशाला? तुझी गाडी तर बटनावर चालू होते! माझ्या दुकानात माइल्ड, म्हणजे साडेचारवाली, मागणारे दोनच प्रकारचे लोक. एक, शनिवारी फार्महाऊसवर येणारी मुंबईची मंडळी, जी बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचतात. दुसरी माझी आत्या धोंडूबाई, जिला अक्षर वाचता येत नाही.

आत्या आमच्या पंचक्रोशीची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडव घालताना, हळद लावताना ती धवले गाते, देवांना बोलावते, दोन्ही घरच्या गेलेल्या माणसांना आवतण देते. आणि आमच्या गावची रीत अशी की धवल्यात नवरानवरीचं नाव पडल्याशिवाय हळदीला कोणी बोट लावायचं नाही. बायका वाटीत हात घालून तयार बसलेल्या असतात, कान आत्याकडे. नाव पडलं की हळद सुरू. धवलारणीच्या कपाळावर कुंकू आहे का, हे आमच्याकडे कोणी बघत नाही. गळ्यात धवला आहे का, ते बघतात. आत्याच्या गळ्यात तो तिच्या सासूकडून आला.

धवल्याआधी तिला मान द्यायचा असतो, आणि हा मान प्यायचा असतो. नवरदेवाच्या घरून येतो. तिने पितरांची धार मांडवाच्या मेढीपाशी सांडायची आणि बाकीचा आपण घ्यायचा. नको म्हणायची सोय नाही. मान नाकारला म्हणजे ते घरच नाकारलं.

आत्याच्या तरुणपणी हा मान ताडीचा असे. हिरू नावाचा गडी बांधावरच्या ताडावर चढून सकाळचं मडकं उतरवायचा. सकाळची ताडी गोड, अंगात नुसती ऊब आणणारी. पुढे हिरू थकला, ताडावर चढणारं कोणी राहिलं नाही आणि ताडीच्या जागी बियर आली. तेव्हा आत्या माझ्याकडे आली.

"मन्या, ताडीच्या जवळपास जाईल असं काय हाय का रं तुज्याकडं?"

मी फ्रीजमधून माइल्ड काढून दिली. तिने ती स्टीलच्या पेल्यात ओतली, फेस बसू दिला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"हां," ती म्हणाली, "ही बोलू देते."

कंपनीचे लोक माझ्याकडे रंगीत कागद घेऊन येतात, त्यात बियरची नाना वर्णनं असतात. आत्याच्या त्या दोन शब्दांच्या जवळ त्यातलं एकही जात नाही.

तेव्हापासून दर आठवड्याला एकदा, दुपारी, ती मिनीडोर रिक्षाने यायची. दुकानामागेच माझं घर आहे, त्याच्या पडवीत बसायची. माझी बायको माधवी तिला भाजलेले बोंबील द्यायची आणि आत्या एका बाटलीवर अख्खा धवला म्हणून बघायची. घोट, दोन ओळी, परत घोट. विसरलेलं कडवं आठवेपर्यंत पेला तसाच हातात. लग्नात गळा अडू नये म्हणून हा तिचा रियाज. कडक बियरबद्दल तिचं मत ठाम होतं. "ती मेली दोन घोटांत खांद्यावर हात टाकते. ही जरा लांब बसते, आपलं ऐकून घेते."

तिचा नवरा, आमचा आबाजीमामा, नेमका उलट. साजगावला भट्टीवर होता. ड्यूटी सुटली की कडक बाटली घेऊन घरच्या ओट्यावर बसायचा. आत्या शेजारी आपला पेला घेऊन. त्याची बाटली भराभर संपायची आणि तो खांबाला टेकून घोरायला लागायचा. ही अजून अर्ध्या पेल्यावर गुणगुणत असायची. कुठे हळद असली की मामा कामावरून थेट तिथे यायचा, कारखान्याचा खाकी शर्ट अंगात, दोन्ही हात खिशात. मेढीला टेकून उभ्या उभ्या बायकोचा धवला ऐकायचा. तोंडावर स्तुती कधी केली नाही, पण एकाही हळदीला चुकला नाही. एक दिवस कामावरच छातीत कळ आली आणि मामा गेला.

तो गेल्यावरही आत्या गात राहिली, विकासची हळद येईपर्यंत. विकास म्हणजे शेजारच्या गावातला पोरगा. त्याच्या भावाने दोस्तांसमोर शायनिंग मारायला मानाचा म्हणून कडक बियरचा उंच टिन आणला. आत्याने रीतीप्रमाणे धार सोडली, बाकीचा संपवला आणि धवला धरला. सुरुवात नेहमीसारखी छान झाली.

मांडवाच्या दारी गो आंबा मोहरला,
आंब्याखाली बैसला आबाजी नवरा.

विकासच्या आईचा हळदीचा हात होता तिथेच राहिला. भरल्या मांडवात, नवरदेवाच्या जागी, गेलेल्या माणसाचं नाव! म्हाताऱ्या बायकांनी तोंडावर पदर घेतला. कोणीतरी घाईघाईने डीजे लावला आणि वेळ मारून नेली. पण बोलायचं ते लोक बोललेच. आधी म्हणाले, बाई थकली. मग म्हणाले, बाई पिते. हे दुसरं बोलणाऱ्यांत माझी चांगली चार गिऱ्हाइकं होती, सगळी आठ टक्केवाली. चाळणी म्हणते सुईला, तुला भोक! मला इतका संताप आला की त्यातल्या एकाला मी गरम बाटली दिली.

आत्याला बोलावणं येईनासं झालं. हळदीला मोबाईलवरचा धवला स्पीकरला जोडून वाजवायला लागले. त्यात नाव कोणाचंच नसतं, त्यामुळे मध्येच एखादा मामा माईक घेऊन नवरदेवाचं नाव ओरडतो, स्टँडवर हरवलेल्या माणसाला पुकारतात तसं.

मग एका दुपारी आत्या आली आणि म्हणाली, "मन्या, कडक दे."

मला वाटलं पाहुण्यांसाठी असेल. दिली. ती पिशवीत घालून ती पडवीत न बसता निघून गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेला मी बाटली काउंटरवर ठेवली आणि हात तिच्यावरच ठेवला.

"आत्या, काय चाललंय तुजं? लोक बोलतात ते खरं करून दाखवनार हायेस का?"

ती रागावली नाही. मागे पडवीत जाऊन बसली. मी दुकान माधवीवर सोपवून तिच्यामागे गेलो.

"कडक घेतली का तो येतो रं," ती म्हणाली.

"कोन येतो?"

"तुजा मामा. विकासच्या हळदीला टिन निम्मा झाला आन् मेढीपाशी उभा दिसला. तोच शर्ट, हात खिशात. मी काय चुकले नाय मन्या. समोर दिसला त्याचं नाव घेतलं."

"आनि माइल्ड घेतली तर?"

"तेवा नाय येत. तेवा निस्ता धवला येतो."

मला गलबलून आलं. दारू विकणाऱ्याला लोकांची रडगाणी नवी नसतात. कोणाला बायको सोडून गेलेली असते, कोणाला प्रमोशन. पण माझी आत्या नशेसाठी पीत नव्हती, ती नवऱ्याला भेटायला जात होती. मी बाटली तिच्या पिशवीत ठेवली. दुसरं काय करणार होतो?

त्याच वर्षी माझ्या मुलीचं, समीक्षाचं, लग्न ठरलं. मुलगा दहिवलीचा, ऋषिकेश. तिच्याच कंपनीत कामाला, शांत आणि सरळ. त्याचे वडील चांगोशेठ मात्र वाजतगाजत येणारे. विटांचा धंदा, गळ्यात जाड चेन, मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. हळदीचं बोलणं निघालं तेव्हा समीक्षा म्हणाली, "धवला धोंडूआजीच म्हणनार."

चांगोशेठनी घसा साफ केला. "मनोजशेट, गैरसमज नको. मोठी बाय हाय ती, मान हाय तिचा. पन आमच्याबी कानावर आलंय. माज्या पोराच्या जागी गेलेल्या मान्साचं नाव पडलं, तर मी उष्टी हळद घेऊन तशीच माघारी फिरीन. आधीच सांगतो."

नवऱ्याला लावलेल्या हळदीतली उरलेली, ती उष्टी हळद. नवऱ्याकडची माणसं ती घेऊन नवरीकडे येतात. ती माघारी गेली की लग्नात कायमचा खडा पडला. मी समीक्षाकडे पाहिलं. वाटलं, ही म्हणेल राहू दे, मोबाईल लावा.

"चालंल," ती म्हणाली. "पन आजी नसली तर मी पाटावर बसनार नाय."

मी आत्याकडे जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती ओट्यावर बसून कडवे वाल सोलत होती. हातातली शेंग तिने पुरी सोलली.

"भ्या वाटतं रं," ती म्हणाली. "तो येईल याचं बी आनि नाय येनार याचं बी."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली आणि माइल्ड घेऊन पडवीत बसली. पुन्हा घोट, पुन्हा दोन ओळी. माधवीने बोंबील भाजले. बऱ्याच दिवसांनी घरात धवला ऐकू आला. मध्ये दोनदा गळा अडला, तेव्हा समीक्षा आतून पुढची ओळ म्हणाली. आत्याने चमकून दाराकडे पाहिलं. पोरगी लहानपणापासून या पडवीत अभ्यासाला बसत होती. तिने भूगोलाबरोबर काय काय पाठ केलं होतं, ते आम्हाला आत्ता कळत होतं.

हळदीच्या दिवशी, दिवे लागायच्या वेळेला, दहिवलीकर उतरले. पुढे उष्टी हळद घेतलेल्या बायका, मागे चांगोशेठ आणि त्यांच्या हातात ताटावर लाल रुमालाखाली धवलारणीचा मान. रुमाल काढला तर कडक बियरचा उंच टिन, माझ्या दुकानात मिळतो त्याहूनही उंच. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं!

मी त्यांना बाजूला घेतलं. "शेट, माइल्ड आनायची ना."

"काय बोलता?" ते खरंच दुखावले. "माज्या पोराच्या लग्नाचा मान, तो पोराटोरांच्या बियरचा देऊ? लोक तोंडावर हसतील. मी सगळ्यात भारी कुटची ते इचारून आनली."

म्हणजे नाव चुकलं तर माघारी फिरणारा हाच आणि नाव चुकवणारी बाटली आणणाराही हाच. पोराच्या हातात कोयता द्यायचा आणि म्हणायचं, बोट सांभाळ. मला त्या माणसाचा रागही येईना, इतक्या मायेने त्याने ती आणली होती.

मी एक गार माइल्ड आणि स्टीलचा पेला ओल्या टॉवेलात गुंडाळून खुर्चीखाली ठेवला होता. पण मान समोर आल्यावर माझी बाटली बाहेर काढणं म्हणजे व्याह्याचा भर मांडवात अपमान. मी खुर्चीवर बसून राहिलो. समीक्षा पाटावर बसली. माधवीने हळदीच्या वाटीत बोटं घातली. मांडवातल्या सगळ्या मोबाईलचे कॅमेरे आत्यावर. काहीजण नक्कीच ती चुकायची वाट बघत होते.

आत्याने दोन्ही हातांनी टिन घेतला आणि कपाळाला लावला. उघडला. उठून मेढीपाशी गेली आणि पितरांची धार सोडली. लोकांना ठाऊक होतं, एवढीशी धार सांडते आणि मग परत येते. धार थांबली नाही. आत्या टिन तिरका धरून उभी राहिली आणि बियर मेढीच्या बुडाशी सांडत राहिली. मातीवर फेस आला, तो मातीने प्यायला, परत फेस आला. टिन रिकामा झाला तेव्हा तिने तो उलटा करून शेवटचा थेंबही झटकला.



"धोंडूबाय," चांगोशेठ कसेबसे म्हणाले, "मान..."

"मान घेतला शेट, पुरा घेतला. पन पितरांचा वाटा पयला. आमचा मानूस भट्टीवरचा, त्याला थेंबात भागत नाय."

पितरांना जास्त झाली, असं चांगोशेठ कोणत्या तोंडाने म्हणणार? त्यांनी लाल रुमाल घडी करून खिशात घातला. आत्या मेढीला हात लावून हळू आवाजात काहीतरी बोलली. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"तू पी. मला पोरीची हळद लावायची हाय."

मग माझ्याकडे न बघताच तिने हात मागे केला. "मन्या, माजी दे."

मी टॉवेल सोडला. बाटली भसाभस ओतली, पेल्यात निम्मा फेसच पडला. तिने तो बसू दिला. लोक ताटकळले होते, पण तिला घाई नव्हती. दोन घोट घेतले, तोंड पुसलं आणि धवला धरला. देव आले. दोन्ही घरची गेलेली माणसं आली, त्यांत आबाजीमामाचंही नाव आलं, जिथे यायला हवं तिथे. प्रत्येक दोन ओळींमागे एक छोटा घोट. आवाज चढत गेला, पण पाय कुठे घसरला नाही. मग ती जागा आली.

मांडवाच्या दारी गो आंबा मोहरला...

इथे ती थांबली आणि मेढीकडे बघितलं. मीही बघितलं. तिथे ओली माती होती आणि आंब्याचा टहाळा. आत्या बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले आणि तेव्हा मला समजलं की तो आलेला नाही. तिने हातातला पेला घट्ट धरला.

आंब्याखाली बैसला ऋषिकेश नवरा,
ऋषिकेशचे शेजारी समीक्षा नवरी.

माधवीचं बोट समीक्षाच्या गालाला लागलं आणि बायकांनी एकच गलका केला. मी सरळ रडलो. बियरच्या दुकानाचा मालक, नवरीचा बाप, भर मांडवात ओल्या टॉवेलाने डोळे पुसत होता. चांगोशेठचेही डोळे पाणावले होते, पण त्यांनी ते हळद उडाली म्हणून खपवलं. थोड्या वेळाने माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मनोजशेट, ती बायची बियर जरा मलाबी चाखू द्या." मी दिली. पहिल्या घोटाला त्यांनी तोंड वाकडं केलं. मग खुर्ची ओढून आत्याच्या जवळ बसले आणि अर्ध्या पेल्यावर पुढचे सगळे धवले ऐकले. जाताना म्हणाले, एवढ्या हळदी केल्या, पण सकाळी आठवेल अशी ही पहिलीच.

आता आत्याला पुन्हा बोलावणी येतात. दहिवलीहूनही येतात. समीक्षा सुट्टीला आली की तिच्यासोबत जाते, मागची ओळ धरते. मान आणणारे आता आधी माझ्या दुकानात येऊन विचारतात, "धोंडूबायची कोनती?" आणि साडेचार टक्केवाली बाटली न लाजता रुमालात गुंडाळून नेतात.

दर आठवड्याची तिची दुपार चुकत नाही. फक्त आता ती दोन बाटल्या मागते. माइल्ड पडवीत बसून घेते आणि कडक पिशवीत घालून घरी नेते. संध्याकाळी ओट्याच्या खांबापाशी, मामा टेकून बसायचा तिथे, ती सगळी ओतते. परवा रांगेतल्या एका पोराने दोन्ही बाटल्या पाहिल्या आणि हसत म्हणाला, "काय गं आजी, दोनी तुलाच?"

"नाय रं," आत्या म्हणाली. "कडक आमच्या मान्साची. त्याला लगेच झोप लागते. मला अजून गायचं हाय."